पाठीकडून पाहताना

ओसाकात निप्पोनबाशीच्या मागच्या गल्लीत सोनोदांचा कारखाना होता. कारखाना हे सोनोदांचं म्हणणं. बघणाऱ्याला ती बिनखिडकीची एक लांबट खोली दिसे, आणि त्या खोलीत अकरा वर्षं एकाच स्टुलावर बसलेली किनुए.

गेम सेंटरातली नाणं टाकून खेळायची पेटी तीच राहते, आतला गेमचा बोर्ड मात्र बदलतो. बोर्डाची कड एका लांब कनेक्टरच्या फटीत घुसते, आणि कनेक्टरच्या पाठीकडच्या पिनांना पेटीच्या वायरी सोल्डर केलेल्या असतात. कुठल्या पिनला कुठली वायर, हे मात्र प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते. एकीची तिसरी पिन पाच व्होल्टची, तर दुसरीची त्याच जागी बंदुकीचं बटण. चुकलं की बोर्डाचा धूर. अशा एकसष्ट कंपन्यांच्या मांडण्या किनुएला तोंडपाठ होत्या, आणि कुठेच लिहिलेल्या नव्हत्या.

कारण तिने लिहिलेल्या राहूच दिल्या नव्हत्या. सात वर्षांपूर्वी धंदा बसला तेव्हा सोनोदांनी तीन बायकांना घरी पाठवलं. त्याच संध्याकाळी किनुएने भिंतीवरचे मांडण्यांचे सगळे कागद काढून शेगडीत घातले. दुसऱ्या दिवशी मालक कागद शोधायला लागले, तर ही म्हणाली, "मला विचारा की." तेव्हापासून तिला कोणी हात लावला नाही. स्वतःच्या हुशारीवर ती खूश होती, ते बरीच वर्षं.

यंदा उन्हाळ्यात शोदोशिमा बेटावरून थोरल्या बहिणीचा, तोयोताईचा, फोन आला. ताईच्या घरी सोमेनच्या शेवया ओढतात. थंडी पडली की उघड्या अंगणात लाकडी घोड्यांवर शेवया वाळत घालायच्या, वर आभाळ, समोर समुद्र. ताईची मनगटं आता चालत नव्हती.

"किनु, एक डिसेंबरला ये. अर्धं घर, अर्धं काम तुझं. नाही आलीस तर शेजारचं जोडपं ठेवून घेते मी. शेवया माझ्यासाठी थांबत नाहीत बाई."

किनुएला इतकं जावंसं वाटलं, की रिसीव्हर ठेवला तशी ती सरळ सोनोदांसमोर जाऊन उभी राहिली.

"जा ना! अडवतंय कोण?" सोनोदा म्हणाले. "फक्त डोक्यातलं कागदावर उतरवून द्या. आणि नुसत्या वहीवरून, तुम्हाला एक अक्षर न विचारता, नव्या माणसाने एक बोर्ड चालू करून दाखवायचा. चालला, की मी स्वतः तुम्हाला बोटीवर बसवून येतो."

नवा माणूस म्हणजे शिओतानी, चाळिशीचा, रेडिओच्या दुकानातून आलेला, खुर्चीला धक्का लागला तरी खुर्चीची माफी मागणारा. किनुएने तीन महिने वही लिहिली. एकसष्ट कंपन्या, एकसष्ट आकृत्या, प्रत्येक वायरीचा रंग. शेवटच्या पानावर 'पूर्ण' लिहून तिने आपल्या नावाचा शिक्का उमटवला, आणि त्या दिवशी घरी जाताना प्रवासाची पिशवीही विकत घेऊन टाकली.

अठ्ठावीस नोव्हेंबरला, सकाळचा चहा झाल्यावर परीक्षा सुरू झाली. सोनोदांनी वहीतल्या एकोणिसाव्या कंपनीचा बोर्ड निवडला. किनुएला समोर बसवलं.

"तोंडाला कुलूप हं, किनुए-सान. खोकलात तरी नापास."

शिओतानींनी वही उघडली, कनेक्टर हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि फटीची बाजू आपल्याकडे धरली. आकृतीत डावीकडे होती ती पहिली पिन त्यांनी डावीकडूनच मोजली, तिच्यावर पेनने ठिपका दिला, मग कनेक्टर पालथा घालून ठिपक्यापासून सोल्डर करायला बसले.

किनुए अर्धी उठली, पुन्हा बसली.

ती आकृत्या पाठीकडून काढत आली होती. जिथे सोल्डरिंग करतो तिथून दिसतं तसं. पाठीकडची डावी पिन म्हणजे तोंडाकडची, फटीच्या बाजूची, उजवी. शिओतानी रेडिओवाले, ते तोंडाकडून बघत होते. त्यांचं काही चुकत नव्हतं. आकृती कुठल्या बाजूने पाहिलेली आहे, हे वहीत कुठेच नव्हतं.

बोलावं, तर परीक्षा संपली. गप्प राहावं, तर बोर्ड जळून परीक्षा संपली. शिओतानी एकेक वायर सुबक लावत होते, आणि किनुएला तासभर आपल्याच हाताने बांधलेल्या खोलीत आपल्यालाच कोंडल्यासारखं वाटत होतं. दार पुढ्यात होतं. भरून आणलेली पिशवी दाराशी होती.

"छान हात आहे हो," सोनोदा म्हणाले. "काय किनुए-सान?"

तिने पिशवीकडे पाहिलं.

शिओतानींनी बोर्ड फटीत बसवला. लाल बटणाकडे बोट नेलं. "माफ करा, लावतो हं," ते बोर्डालाच म्हणाले.

"थांबा!" किनुए ओरडली. "उलटं आहे ते! पाठीकडून बघायचं!"

शिओतानी कमरेत वाकून माफी मागायला लागले. सोनोदांनी आधी वहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद काही केल्या लपेना.

"वहीत एक ओळ राहिली," किनुए म्हणाली. "एकच. ती लिहिते, आणि पुन्हा घ्या. आजच."

"अहो, पूर्ण म्हणून शिक्का कोणी मारला? मी? आज ही ओळ, उद्या दुसरी. जीव माझा टांगणीला." मग ते एकदम मायेने बोलले, "राहा हो यंदा. तुमच्याशिवाय काय आहे इथे? पुढच्या थंडीला बघू." आणि तिच्यासाठी स्वतः चहा आणायला गेले.

शिओतानी हळूच म्हणाले, "किनुए-सान, पहिल्याच दिवशी तुम्ही मला हे सांगितलं होतंत. 'आधी पाठ बघ, मग पिन मोज.' मी मूर्ख. वहीत नाही, म्हणजे या आकृत्या वेगळ्या असतील असं वाटलं."

या खोलीत आलेल्या प्रत्येक माणसाला किनुएने सगळ्यात आधी हेच सांगितलं होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी पहिलं हेच निघालं असतं. मग एवढ्या वहीत हेच कसं राहिलं?

तिने पहिलं पान उघडलं. सगळ्यात वर 'मांडण्या' असं लिहिलं होतं आणि त्याखाली एक ओळ कोरी होती. बाकीच्या वहीत तिने कागद वाचवत दाटीवाटीने लिहिलं होतं, कुठे बोटभर जागा सोडलेली नव्हती. इथे मात्र बरोबर एका वाक्यापुरती जागा सोडून ती पुढे गेली होती.

सात वर्षांपूर्वी कागद शेगडीत घालणारी बाई कुठे गेलीच नव्हती. किनुएला तिची भीती वाटली, आणि रडूही आलं.

तिने पेनचं टोपण काढलं. तारीख अठ्ठावीसच होती. सोनोदा कबूल होवोत न होवोत, ही ओळ लिहून पिशवी उचलली तर संध्याकाळची बोट मिळत होती.

"किनुए-सान!" खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून सोनोदांची हाक आली, फोनवर कोणी गिऱ्हाईक ताटकळत होतं. "तेविसावी कंपनी, सातवी पिन कसली हो?"

"पेटीत पडलेली नाणी मोजणाऱ्या काट्याची," ती म्हणाली, पेन कागदाला टेकायच्या आधीच. "निळी वायर. थांबा, मी येते."