शेवटी जेवणारं क्रियापद

वैजयंतीबाईंचं बाकी सगळं ठीक होतं हो, पण मोठ्या माणसाला कुणाच्या हाताखाली बसवणं त्यांना जमेना. आणि नोकरी नेमकी तीच!

वाशीच्या एका छोट्या ऑफिसात कम्प्युटरला भाषा शिकवायचं काम चालायचं. वाक्यातला कुठला शब्द कुणावर अवलंबून आहे, ते बाण काढून दाखवायचं. निशांत कॉलेजात गेल्यावर, घराबाहेर आपलं काहीतरी असावं म्हणून त्याची ही आई कोपरखैरण्याहून तिथे शिकायला जाऊ लागली. शुक्रवारी परीक्षा. पास झाल्या तर नोकरी, नाहीतर पुन्हा घर एके घर. "तुला कशाला हवंय ते टेन्शन?" असं यजमान, श्यामसुंदर, आधीच म्हणून बसले होते. आता नापास होणं म्हणजे जन्मभर ऐकून घेणं!

शिकवायला क्षिप्रा, लेकीच्या वयाची. "काकू, क्रियापद सगळ्यात वर. बाकीचे सगळे त्याच्या खाली."

पण 'आजोबांनी नातीला सायकल दिली' आलं की काकू आजोबांना वर बसवून मोकळ्या. 'देव सगळ्यांचं भलं करतो' आलं, तर देव वर.

"काकू, देव 'करतो'च्या खाली येणार."

"अगं, देवाला खाली बसवू? जिभेला काही हाड आहे की नाही तुझ्या!"

क्षिप्रानं कपाळावर हात मारला. "मान वेगळा, काकू. कुणाच्या जिवावर वाक्य चाललंय ते बघा. इंग्रजीत क्रियापद मधे बसतं. साध्या जर्मन वाक्यात पहिल्या जागी कुणीही येवो, दुसरी जागा क्रियापदाची. मराठीत आणि जपानीत ते शेवटी. बसू दे कुठेही, सगळे लोंबकळतात त्यालाच."

वैजयंतीबाईंनी मान डोलावली आणि पुढच्याच वाक्यात सासरेबुवांना वर चढवलं. क्षिप्राचा चेहरा पडला. वैजयंतीबाईंचाही पडला, कारण नोकरी हातची चालली होती.

गुरुवारी संध्याकाळी साताऱ्याहून धाकटे दीर धनाजी आले. टेबलाच्या मुख्य खुर्चीत सासरे, आबा. पहिलं ताट त्यांचं, मग यजमान, मग धनाजी, निशांत. वैजयंतीबाई तव्यापाशी.

"पोरी, मीठ दे जरा."

"अगं, पाणी?"

"वहिनी, भाकरी कडक येऊ द्या."

"आई, माझा चार्जर कुठंय?"

उलथनं हातात घेऊन वैजयंतीबाई थबकल्या. मान आबांचा, त्यात वादच नाही. पण बाण? सगळे तव्याकडे! त्यांनी मनातल्या मनात गॅस बंद करून पाहिला. आबा नुसतेच आबा उरले, धनाजी नुसतेच धनाजी, कुणाचा कुणाशी मेळ नाही. त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की आबांना ठसका लागला.

"काय झालं गं?"

"काही नाही आबा, सावकाश जेवा. तुमचा मान कुठे जात नाही."

मग सगळे उठल्यावर त्या उरलेली, करपलेली भाकरी घेऊन एकट्याच बसल्या. अगदी मराठी क्रियापदासारखं, सगळ्यांचं झाल्यावर. गंमत वाटली, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं.

शुक्रवारी त्यांनी आजोबा खाली बसवले, मंत्री खाली बसवले. देव आला तेव्हा पुटपुटल्या, "माफ कर रे बाबा," आणि त्यालाही 'करतो'खाली बसवलं. पास! क्षिप्रानं ऑफिसातच गळामिठी मारली.

रविवारी जेवायला आबा बसले. पहिलं ताट त्यांचं. श्यामसुंदरांनी दुसऱ्या ताटाकडे हात नेला, तोच वैजयंतीबाईंनी ते आपल्यापुढे ओढलं, खुर्ची सरकवली आणि बसल्या.

"अगं! मग वाढणार कोण?"

"सगळं टेबलावर मांडलंय, हात ज्याचे त्याला. आज जर्मन पद्धत. पहिला कुणीही बसो, दुसरी मी."

आबांनी सुनेकडे पाहिलं, मग लेकाकडे. आपल्या ताटातली गरम भाकरी मोडली, अर्धी तिच्या ताटात ठेवली.

"श्याम, बघतोस काय? पाणी आण की तिला."

श्यामसुंदर उठले. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "अगं, पेले कुठे असतात?"

वैजयंतीबाईंच्या तोंडात घास होता. त्या सावकाश चावत राहिल्या.