‘बॉय’ या शब्दाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. माझे नाव ‘बॉय’. ‘बॉय म्हणजे मुलगा’ असे तुम्ही शाळेत घडाघडा सांगता आणि बाईंची शाबासकी मिळवता. पण माझे आयुष्य एवढे सरळ गेले नाही.

माझ्या मायदेशी पूर्वी नोकरालाही माझ्याच नावाने बोलावत. साहेबाबरोबर मी पुण्याच्या कॅम्पात उतरलो, तो ही खोड घेऊनच. पांढऱ्या मिशांचा खानसामाही साहेबाला ‘बॉय’च! साहेब गेला, मी राहिलो. आज कुत्र्याने चेंडू आणला की ‘गुड बॉय’, नवल वाटले की ‘ओ बॉय’. दारात जेवण आणणारा नातवंडांचा धनी असला, तरी तो ‘डिलिव्हरी बॉय’.

माझा खरा मुक्काम मात्र बिबवेवाडीतल्या एका प्रसूतिगृहात आहे. तिथे नर्स दार उघडून ‘बॉय झाला’ म्हणते आणि क्षणात पेढ्यांचे पुडे सुटतात. त्याच व्हरांड्यात कुणी खेकसते, ‘ए बॉय, स्ट्रेचर आण!’ तेव्हा ज्ञानदेव धावतात. वाशीमकडून तरुणपणी पोटासाठी आलेले हे वॉर्डबॉय आता साठीला टेकले आहेत.

ज्ञानदेवांनी मला निमूटपणे सोसले. त्यांना भीती एकच होती. ही हाक आपल्या लेकीच्या, अपेक्षाच्या, कानावर पडू नये. म्हणून तिचे नाव त्यांनी मुद्दाम वारज्याच्या दवाखान्यात घातले होते. पण माणूस योजतो एक आणि घडते भलतेच. कळा आधीच सुरू झाल्या आणि जावयाने तिला जवळच्या, म्हणजे वडिलांच्याच दवाखान्यात आणले.

मुलगी झाली. लेक आणि नात यांना ज्ञानदेव स्वतः स्ट्रेचरवरून खोलीकडे नेत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, “ए बॉय! आमच्या सूनबाईंना व्हीलचेअर आण आधी!”

हे गोपाळकृष्णपंत. निवृत्त हेडक्लार्क, रिक्षावाल्यालाही ‘अहो’ म्हणणारे सभ्य गृहस्थ. नुकताच त्यांना नातू झाला होता आणि ते व्हरांडाभर ते सांगत सुटले होते.

अपेक्षाने मान वळवली. “आबा, ते तुम्हाला हाक मारतायत?”

ज्ञानदेवांचे हात स्ट्रेचरच्या दांडीवर घट्ट झाले. “इथं मला तसंच म्हनतात, पोरी,” ते खाली बघत म्हणाले.

मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. शब्दाला तोंड लपवता येत नाही, नाहीतर मी लपवले असते.

अपेक्षा थकली होती, पण पुण्यात वाढलेली होती. ती शांतपणे म्हणाली, “अहो काका, माझ्या वडिलांचं नाव ज्ञानदेव आहे. म्हणायला तितकंसं अवघड नाही. नातू झाला ना? अभिनंदन.”

गोपाळकृष्णपंतांचा चेहरा उतरला.

संध्याकाळी ज्ञानदेव व्हरांड्यातून पाण्याचा जग घेऊन चालले होते. गोपाळकृष्णपंत हातात पेढ्यांचा पुडा घेऊन दारात आले. जन्माची सवय! मी त्यांच्या जिभेवर येऊन उभाच होतो. त्यांनी मला गिळले आणि म्हणाले, “अहो ज्ञानदेवराव, जरा थांबता का?”

ज्ञानदेव थांबले नाहीत. ऐकू आले नाही असे नव्हे. उभ्या हयातीत त्या व्हरांड्यात त्यांना नावाने कुणी बोलावलेच नव्हते. दुसऱ्या कुणाला तरी बोलावत असतील, असे समजून ते पुढे चालत राहिले. पंतांना पुडा घेऊन त्यांच्यामागे धावावे लागले.

मित्रांनो, मला टाकून द्या, असे मी म्हणत नाही. पाळण्यातल्या बाळासाठी मला लाडाने वापरा. पण केस पिकलेल्या माणसाला हाक मारण्यापूर्वी त्याचे नाव विचारा, आणि वेळेवर विचारा. फार उशीर केलात, तर स्वतःचे नाव ऐकूनही तो मागे वळून पाहणार नाही.