मिनिटाला दीड सेकंद

वजनकाटे दुरुस्त करणं हा आमचा घरचा धंदा. वडील गेल्यावर दादा गल्ल्यावर बसला आणि काटे माझ्या गळ्यात पडले. दुकानदार शपथा घेतात, "ताई, काटा चोख आहे हो!" मी काही ऐकून घेत नाही. आधी प्रमाणित वजन ठेवते, मग बोलते.

पुस्तकावर मात्र मी डोळे झाकून विश्वास ठेवला. शाळा संपल्यावर पुढे शिकवायचं कुणाच्या मनातही आलं नाही, म्हणून रद्दीतून भौतिकशास्त्राचा एक जाडजूड ग्रंथ आणला आणि स्प्रिंगांच्या डब्याला टेकवून अकरा वर्षं वाचला. गणित सोडवायचं, शेवटच्या पानांवरचं उत्तर बघायचं. जुळलं नाही तर चूक माझीच. विचारायला दुसरं होतं कोण? वहिनी म्हणायची, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." दादा नुसता हसायचा. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

संध्याकाळच्या कॉलेजात माझ्यासारख्यांना प्रवेश परीक्षा देऊन पदवीला बसता येत होतं. वयाची अट चाळीस, माझं वय एकोणचाळीस. लेखी परीक्षेत मी पहिली आले, तेव्हा दादाचं हसू मावळलं. आता फक्त प्रात्यक्षिक उरलं होतं. लंबक झुलवायचा, आंदोलनांचा वेळ मोजायचा आणि गुरुत्वत्वरण काढायचं.

माझं उत्तर आलं १०.३. यायला हवं ९.८, हे शेंबडं पोरही सांगेल. पुन्हा केलं, पुन्हा १०.३. तिसऱ्यांदाही तेच. शेजारी माझ्या निम्म्या वयाची मुलं भराभर लिहीत होती. इतकी वर्षं कागदावर पोहलीस बये, आता खा गटांगळ्या, असं वाटलं. मग मी उलटं गणित केलं, ९.८ येईल अशा वेळा काढल्या आणि सुबक अक्षरात लिहून टाकल्या.

परीक्षक म्हातारे होते. माझा कागद वाचून त्यांनी चष्मा काढला.

"बाई, हे स्टॉपवॉच मिनिटाला दीड सेकंद मागे पडतं. मी मुद्दामच ठेवलंय. याच्यावर ९.८ येऊच शकत नाही."

मी स्टॉपवॉचकडे पाहिलं.

"जे आलं ते लिहिणाऱ्याला मी पास करतो. भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहणाऱ्याला पैकीच्या पैकी देतो. आकडे बनवणाऱ्याला काय देऊ, तुम्हीच सांगा."

त्यांनी कागदावर लाल रेघ मारली. लेखीतले माझे गुण त्यांच्यासमोरच होते. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "एखादं माप खरं की खोटं, हे तपासायची वेळ तुमच्यावर कधी आलीच नाही का हो? काम काय करता तुम्ही?"

नखांत ग्रीस होतं. मी हात टेबलाखाली घेतले.

"काही नाही," मी म्हणाले. "घरीच असते."