मागची खोली

नवऱ्याने सांगितलं होतं, आठ जण येणार. तीन गाड्यांतून उतरले पंधरा, शिवाय एक कुत्रं. घरमालकीण दारात उभी राहून मोजत होती आणि माणसागणिक तिचं डोकं तापत होतं. नवरा मात्र सासरची माणसं आल्यासारखा हसतहसत बॅगा उचलत होता.

सुट्ट्यांचे दोन महिने तिचं कुटुंब स्वतःच्याच घरात कोपऱ्यात राहायचं. पुढच्या चारही खोल्या पर्यटकांना भाड्याने, आणि नवरा-बायकोच्या गाद्या स्वयंपाकघरात. मागची छोटी खोली तेवढी लेकीची. सोमवारी तिची परीक्षा होती. मागच्या खेपेला दोन गुणांनी हुकली होती, आणि आता पुन्हा बसायची ही शेवटची संधी. त्या खोलीला हात लावायचा नाही, असं घरमालकिणीने नवऱ्याकडून वदवून घेतलं होतं. त्याने मान डोलावली होती. मान डोलावण्यात त्याचा हात कोणी धरू शकलं नसतं.

दुपारपर्यंत टाकीतलं पाणी संपलं, चादरी संपल्या, कुत्र्याने पायपुसण्याच्या चिंध्या केल्या. तिने सगळं गिळलं. मग कपाळावर गॉगल चढवलेली एक पाहुणी स्वयंपाकघरात आली.

"मागची खोली कधी रिकामी होणार? आमचे काका-काकू मघापासून ताटकळलेत."

"ती भाड्याची नाही. आणि आठ सांगून पंधरा येता, काही लाजलज्जा?"

गॉगलवालीने शांतपणे फोन पुढे धरला. जाहिरातीत पाच खोल्या होत्या. पाचवीचा फोटो लेकीच्या खोलीचा, तिच्या टेबलाचा, टेबलावरच्या दिव्याचा. खाली लिहिलं होतं, 'एकूण पंधरा जणांची सोय'.

"फोनवर विचारलंही होतं आम्ही. तुमचे मिस्टर म्हणाले, या की सगळे."

पंधरातलं एकही माणूस खोटं बोललं नव्हतं. तिला कुठे तोंड लपवावं कळेना. ती तरातरा अंगणात गेली. नवरा पाण्याच्या टँकरची वाट बघत उभा होता.

"अगं, तीन दिवसांचा तर प्रश्न," तो म्हणाला. "पोरगी कुठेही बसून वाचेल. हुशार आहे ती."

"तिच्या हुशारीवर लोकांच्या गाद्या घालताय तुम्ही. आत्ताच्या आत्ता त्यांना सांगा, खोली मिळणार नाही. माझ्यासमोर सांगा."

त्याने मान डोलावली. तिला ती मान पिरगळावीशी वाटली.

ती मागच्या खोलीत आली तर लेक पुस्तकं पिशवीत भरत होती. पलंगावर स्वतःची धुतलेली चादरसुद्धा घालून झाली होती.

"तू का आवरतेस? बस खाली. तुला कोणी उठवणार नाही."

लेक गोंधळली. "पण महिन्यापूर्वी बाबांनी फोटोसाठी मलाच खोली आवरायला लावली होती. म्हणाले, आईशी बोललोय."

"आणि तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस?"

"काय विचारायचं, आई? आधी पुढच्या तीन खोल्या दिल्या, मग तुमची दिली. मला वाटलं, आता माझी पाळी."

तिने पिशवी हिसकावली आणि पुस्तकं टेबलावर उपडी केली. मग बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. समोरून गॉगलवाली आणि दमलेले काका-काकू येत होते. त्यांच्या बॅगा नवऱ्याच्या हातात होत्या.

"ठेवा त्या खाली," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि बोला."