दिनेओचा ठिपका

"आणि माझी दिनेओ कुठंय?" म्मे मादिनेओने विचारलं.

तिच्या झोपडीत बसून मी टॅब्लेटवर गावाला नकाशा दाखवत होतो. हिरवा ठिपका म्हणजे जगलेलं बाळ, लाल म्हणजे गेलेलं. सगळे आपापलं घर शोधत होते. एका आजीला तिचा ठिपका शेजारणीच्या ठिपक्यापेक्षा लहान वाटत होता आणि ती हे प्रकरण मुखियापर्यंत नेणार होती.

"दिनेओ कोण?" मी विचारलं.

सगळ्यांनी टॅब्लेट सोडून माझ्याकडे बघितलं. मी खालच्या सपाटीवरचा असलो तरी यांच्यासारखाच मोसोथो आहे, मला कळायला हवं होतं. आमच्याकडे लग्न झालं की सासरचे सुनेला नवं नाव देतात. पहिल्या मुलाचं नाव आधीच ठरवून टाकतात आणि सुनेला त्याची आई म्हणायला लागतात. मा-दिनेओ, दिनेओची आई. आधीचं म्मे नुसतं मानाचं, कुठल्याही मोठ्या बाईला लावतात. मूल मागाहून सावकाश येतं. माझ्या एका मावशीचा मुलगा तर इतक्या वर्षांनी आला की बारशाला जमलेल्या लोकांनी त्यालाच उशीर झाल्याबद्दल झापलं.

म्मे मादिनेओ या डोंगरातली आरोग्यसेविका. दर महिन्याला गावातली बाळं तिच्या चौकटीला टांगलेल्या ताणकाट्याला लटकतात, केकाटतात आणि वजनाची नोंद होऊन खाली उतरतात. मी तिच्याकडे उतरलो होतो. माझ्या प्रबंधाचा विषय होता डोंगरातली बाळंतपणं आणि दवाखान्याचं अंतर. मी तिच्या हातचा मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, म्हणजे पापा, आणि पालेभाजी खायचो आणि तिच्या कोंबडीच्या जागेवर झोपायचो. कोंबडीला ही व्यवस्था मान्य नव्हती.

लोक गेल्यावर ती चुलीशी बसून म्हणाली, "तू विचारलंस ते बरं झालं. कुणी विचारतच नाही. हाक मात्र दिवसभर मारतात."

"कुठे गेली ती?"

"वाटेत. तेव्हा हे धरणाचं तळं नव्हतं रे. खाली दरी होती, नदी होती, पायवाट पलीकडं दवाखान्यापर्यंत जायची. सासूबाई नि मी निघालो. नदीला पाणी आलेलं, उतरेपर्यंत थांबावं लागलं. तिथंच, विलोच्या झाडांखाली झाली. रडली पण. चांगली रडली. पाणी उतरलं तोवर थांबली होती रडायची."

प्रश्नावलीत यापुढचा प्रश्न होता, 'दवाखान्यात जायला कोणतं वाहन वापरलं?'

"तिथंच पुरली आम्ही. एवढ्याशा लेकराला बायकाच पुरतात, पुरुष येत नाहीत, बघत नाहीत, विचारतही नाहीत. मग धरणवाले आले. कुणाकुणाच्या कबरी खाली आहेत ते सांगा, वर हलवून देतो म्हणाले. घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारलं. मामंजी म्हणाले, आमच्या घरचं कुणी तिकडं नाही."

"तू होतीस तिथे?"

"चहा देत होते की साहेबांना." तिने चुलीत एक शेणी सरकवली. "सून सासऱ्यापुढं कशी बोलणार? सासूबाई माझ्याकडं बघत होत्या, मी त्यांच्याकडं. चहा मात्र सांडला नाही मी."

बाकीच्यांची मेलेली माणसं ट्रकमध्ये बसून वर गेली. सिमेंटची नवी घरं मिळाली त्यांना. दिनेओवर पाणी चढलं. नवरा खाणीत कामाला गेला तो तिकडचाच झाला, त्यामुळे दुसरं मूल व्हायचा प्रश्नच मिटला.

"तुझ्या नकाशात तेवढी घाल तिला," ती म्हणाली. "दुसरं काही नको."

मी टॅब्लेटवर तळ्यात बोट ठेवलं. अक्षरं उमटली: 'या ठिकाणी घर असू शकत नाही.' अशा बाबतीत यंत्र फार ठाम असतं. मी म्हटलं, प्रत्यक्ष जागेवर जाऊन नोंद केली तर घेईल कदाचित.

आठवड्याच्या होडीने आम्ही निघालो. ती दवाखान्यातून औषधं आणायला आणि मी यंत्राला पटवायला. होडी न्ताते खोआबानेची; न्ताते म्हणजे पुरुषांचं म्मे. या तळ्यात तो एकटाच होडीवाला, त्यामुळे स्वतःला जहाजाचा कप्तान समजतो.

"न्ताते खोआबाने, मध्ये जरा थांबवा," म्मे मादिनेओ म्हणाली.

"मध्ये? तिथं काय स्टॉप आहे? उद्या म्हणशील, चहाची टपरी काढा."

"ते वरचं चर्च आणि हा काळा कडा एका रेषेत आले की थांबवा."

"इंजिन बंद केलं की परत लागत नाही, म्मे. माझ्या बायकोसारखं आहे. एकदा गप्प झालं की झालं."

"तुमची बायको मला नका सांगू. तिची तिन्ही बाळंतपणं मी केलीत. ती काही गप्प नव्हती. थांबवा."

त्याने थांबवलं.

एकदम इतकं शांत झालं की होडीच्या बुडाला लागणारं पाणी ऐकू येऊ लागलं. ती वाकून बघत होती. पाणी हिरवट काळं होतं, त्यात फक्त तिचं डोक्याला बांधलेलं फडकं दिसत होतं.

"इथं झाडं होती," ती म्हणाली.

"किती खोल असेल?" होडीतल्या दुसऱ्या बाईने विचारलं.

मी बटण दाबलं. यंत्र आकाशातले उपग्रह शोधत बसलं, तोवर होडी सरकली. परत दाबलं, परत सरकली. शेवटी पडद्यावर तीन ठिपके झाले.

"यातला खरा कुठला?" तिने विचारलं.

"मधला," मी संशोधकाच्या चेहऱ्याने म्हटलं.

"चालेल मधला."

तिने मनगटापर्यंत हात पाण्यात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग बाहेर काढला, पण पुसला नाही.

"गार आहे," ती म्हणाली.

"पाणी गारच असतं, म्मे," खोआबाने म्हणाला. मग त्याने टोपी काढली आणि उकडतंय म्हणून काढली असं दाखवायला थोडा वारा घेतला.

इंजिन अर्थातच लागलं नाही. एका वल्ह्याने आणि पिंपाच्या झाकणाने होडी वल्हवत आम्ही दवाखान्याच्या काठाला लागलो. खोआबानेने टोपी परत घातली ती तिथे उतरल्यावरच.

विद्यापीठात सरांनी नकाशा पाहिला. "सेकाके, एक ठिपका पाण्यात आहे."

"हो सर."

"पाण्यात घर नसतं."

"नाही सर."

"मग अंतर कशापासून मोजायचं?"

मी सगळं सांगितलं. सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत पुसला. "अलीकडचीच मुलं घ्यायची असं आपणच ठरवलंय ना? हिला घेतलं तर अशा सगळ्यांना घ्यावं लागेल."

"घेऊ या की सर."

"किती असतील?"

"माहीत नाही. आजवर पुरुषांनाच विचारलंय."

सरांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले की प्रबंध वेळेत द्यायचा असतो. मी ठिपका काढला. प्रबंधाच्या भाषेत याला माहिती स्वच्छ करणं म्हणतात. मला पदवी मिळाली आणि परीक्षकांनी नकाशाच्या स्वच्छतेचं खास कौतुक केलं.

मोठा छापील नकाशा गावाला द्यायला मी स्वतः गेलो. जाताना काय सांगायचं ते पाठ केलं होतं. दोन-तीन बऱ्यापैकी थापा तयार होत्या. म्मे मादिनेओने नकाशा जमिनीवर पसरला आणि गावावर बोट ठेवलं. तिथून बोट खाली उतरत गेलं, नकाशावर नसलेल्या जुन्या पायवाटेने, वळणं घेत. ते निळ्यात शिरलं आणि थांबलं.

"नाहीये," ती म्हणाली.

"नाहीये म्मे. मी..."

"असू दे. एवढ्या पाण्यात एकटीच दिसली असती."

मग तिने मला पापा वाढला. थापा तशाच राहिल्या.

नकाशा तिने वजनकाट्याशेजारी चिकटवला. नंतर मी वरचेवर जात राहिलो. महिन्याच्या महिन्याला, पहिलं बाळ लटकवायच्या आधी, तिचं बोट निळ्यावर जाऊन यायचं. कुणी बघत नाहीसं बघून ती हे करायची आणि सगळे बघायचे.

पुढच्या वर्षी सर गाव बघायला आले. वजनं चालली होती. एक गुटगुटीत पोरगं काट्याला लटकून बोंबलत होतं. सर नकाशापाशी गेले. तळ्यात, काठापासून दूर, बोटाच्या पेराएवढा निळा रंग झिजून खालचा कागद पांढरा दिसू लागला होता.

"छपाई खराब आहे इथे," सर म्हणाले. "नवीन प्रत पाठवून देऊ."

म्मे मादिनेओने मान वळवली नाही. ती काट्यावरचा आकडा बघत होती आणि तिने बाळाचा पाय हलकेच धरून ठेवला होता.

"नको सर," मी म्हटलं. "हीच राहू दे."