तळपायातून निघालेला अमायलॉइड

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर आठ म्हातारी माणसं मिठाच्या कोमट पाण्याच्या टबांत पाय सोडून बसली होती. प्रत्येक टबात विजेच्या तारांची एक जोडी सोडलेली होती. खटका दाबला आणि दहा मिनिटांत आठही टबांतलं पाणी गढूळ होत होत पार तपकिरी झालं.

"बघा, हा अमायलॉइड!" पांढऱ्या कोटातला मेंदूवैद्य माइकवर ओरडला. "मेंदूत साचलेला मळ तळपायातून बाहेर! एकवीस बैठका, आणि विसराळूपणा खल्लास. फक्त तोवर हॉस्पिटलच्या गोळ्या बंद!"

टाळ्या कडाडल्या. तिसऱ्या टबापाशी एक बाई तेवढी कपाळाला आठ्या घालून उभी होती. ती धातूंवर मुलामा चढवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. टबात तिच्या सासऱ्यांचे पाय होते. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेला हा माणूस काल स्वतःच्याच घराचं दार ठोठावून "मालक आहेत का?" असं विचारत होता. तेव्हा कुठे सासूबाईंनी कबूल केलं, की याच वैद्याचं ऐकून त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच सासऱ्यांच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

टबातला गाळ बघून सुनेचं डोकं फिरलं. असला गाळ ती कारखान्यात रोज उपसत होती.

"कोपऱ्यातला तो जादा टब कुणाचे पाय न घालता चालू करा," ती म्हणाली.

"ताई, अविश्वासाने लहरी बिघडतात."

"लोखंडाला कसला आलाय विश्वास?"

तिने त्याच्याच पुडीतलं मीठ त्या टबातल्या स्वच्छ पाण्यात ओतलं, तारांची जोडी त्यात सोडली आणि खटका दाबला. मेंदूवैद्य धावून आला, पण पहिल्या रांगेतल्या बायका आडव्या झाल्या. "थांब की! बघू तर दे!"

दहा मिनिटांत तेही पाणी तपकिरी झालं.

"आता हा कुणाचा मेंदू?" तिने विचारलं. तारेच्या टोकाचा लोखंडी तुकडा तिने वर धरला. तो कुरतडल्यासारखा झाला होता. "खारं पाणी आणि वीज मिळाली की लोखंड झिजतं. हा गंज आहे, गंज! अमायलॉइड मेंदूतल्याच एका प्रथिनाच्या तुकड्यांपासून होतो. मेंदूतली काही प्रथिनं ते तुकडे उचलून नेतात, काही त्यांना एकमेकांना चिकटवतात. हे गणित बिघडलं की पेशींच्या मध्ये गुठळ्या साचतात. हॉस्पिटलातल्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलंय. तिथून तळपायाला वाट नाही."

मेंदूवैद्याने कोट काढला आणि मागच्या दाराने पोबारा केला.

सासूबाई नवऱ्याचे पाय पुसत होत्या. "म्हणजे हे बरे नाही होणार?"

"पूर्ण बरं करणारं औषध आज कुणाकडेच नाही, आई. गोळ्यांनी थोडा आधार मिळतो. तोच आपण काढून घेतला." दोघींनी मिळून त्यांना उठवलं आणि तसंच हॉस्पिटलात नेलं.

घरात असं दुखणं आलं की माणूस कुणाचंही ऐकतो, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज त्या दुखण्यावर दुकान थाटणाऱ्याला वाटायला हवी. म्हणून चमत्कार दिसला की आधी प्रश्न विचारा. आणि जो प्रश्नाला घाबरतो, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका.