दोन जादा पाटे

"किती पाटे आहेत रे?" तात्यांनी वाकून विचारलं.

पिकअपखालून शुक्राचे फक्त पाय बाहेर दिसत होते. 

पाटे मोजायला शुक्राला वेळ लागत नसे. तलासरीच्या हायवेकडेला तीस वर्षं गाड्यांच्या कमानी, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा, बांधणाऱ्या माणसाला ते मोजावे लागत नाहीत, नजर पडली की कळतं. नऊ होते. कंपनीचे सात आणि वर दोन जादा. त्या दोन्हींच्या टोकाला छिन्नीच्या तीन चिरा होत्या, शेजारी शेजारी. तीन चिरा म्हणजे शुक्राची सही. अक्षर येत नव्हतं तेव्हापासून तो आपल्या हातच्या प्रत्येक पाट्यावर ती मारत आला होता आणि आजवर तिचा त्याला अभिमानच वाटत होता.

गेल्या बुधवारी तात्यांची ही गाडी चिंचेच्या वळणावर उलटली. त्यांच्याच बोर्डीच्या वाडीतले नव्वद क्रेट चिकू मोरीखालच्या ओहोळात गेले. चालवणारी निर्मला सोललेलं कोपर घेऊन फुटल्या काचेतून बाहेर आली. पहिल्या दिवशी सगळे म्हणाले, जीव वाचला, बरं झालं. दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागले, बाईमाणसाच्या हातात गाडी दिलीच कशाला. लोकांचं काय जातंय! बोलताना त्यांना कुठे स्टेअरिंग सांभाळावं लागतं.

"हौदा सरळ कर, कमान बघ आणि चावी भावेशला दे," तात्या म्हणाले. भावेश त्यांचा पुतण्या. मागे मोटरसायकलला टेकून उभा होता. "निर्मला उद्यापासून जाळीची बेडणी घेऊन झाडावरचे चिकू उतरवायला जाईल. झाडाखाली कोण उलटत नाही."

निर्मला पुढच्या टायरपाशी उभी होती. पाड्यावर ट्रॅक्टर शिकून, लायसन काढून, तीन वर्षं बोर्डी ते तलासरी रोज माल आणणारी ती. तालुक्यात दुसरी अशी बाई शोधून सापडली नसती.

"मी चारदा बोलली होती, तात्या. वळणात गाडी मागून लाथ मारते. तुमी बोलले, हळू चालव."

"मग हळूच चालवायची."

"हळूच होती."

गाडीखाली शुक्रा हे सगळं ऐकत होता. हातोडीचे चार घाव घातले असते तर त्या चिरा पुसल्या गेल्या असत्या. खाली वाकून बघणार होतं कोण? तात्यांची कंबर धरलेली, भावेशचे कपडे इस्त्रीचे. शुक्राचा हात हातोडीवर गेलाही. मग त्याची त्यालाच लाज वाटली आणि तो सरपटत बाहेर आला.

"तात्या, पोरीचा दोष नाय," तो हात पुसत म्हणाला. "दोष माझा हाय."

तात्या हसले. "तू काय गाडीत होतास?"

"माझे पाटे होते. दोन वर्षांपूर्वी तुमी बोलले, माल जास्त बसायला पायजे. मी दोन पाटे टाकले. गाडी मागून उंच झाली, कडक झाली. वळणात कमान वाकायला पायजे, ती वाकतच नाय. मग सगळा भार बाहेरच्या चाकावर जातो न् मागचा भाग उडी मारतो. तिनं काय करायचं? ब्रेक दाबला तरी मेली, नाय दाबला तरी मेली."

 शुक्रा पुन्हा वाकला आणि पुढच्या चाकांमागे बोट दाखवलं. "इकडं एक आडवा दांडा असतो. गाडी कलायला लागली का धरून ठेवतो. तो कुठाय?"

तात्या चिकूच्या रिकाम्या क्रेटकडे बघू लागले. "खडखडायचा," ते म्हणाले. "काढायला लावला."

"कोणी?"

"मीच. आणखी कोण?"

ह्यावर हसण्याची हिंमत कुणाची नव्हती, पण निर्मलानं पदर तोंडाशी नेला.

"आठ दिवस द्या," शुक्रा म्हणाला. "मी पाटे काढतो, दांडा लावतो. मग भरली गाडी निर्मलाच चालवेल चिंचेवरून. तुमी तिच्या बाजूला बसा. गाडी कलली तर चावी भावेशला द्या न् माझ्या दुकानाचा बोर्ड मी स्वतः उतरवतो."

"आणि पाटे काढल्यावर नव्वद क्रेट कुठे ठेवू? डोक्यावर?"

"सत्तर न्या. एक खेप जास्त मारू."

तात्या नाही म्हणणारच होते. त्यांचा चेहरा नाही म्हणायच्या बेतात आलाही होता. पण भावेश मध्येच बोलला, खाली बघत. "काका, दिवाळीत मी चालवली होती ने. त्या वळणावर माझी पण फाटली होती. घरी बोललो नाही."

पुतण्यानंच असं म्हटल्यावर तात्यांचा इलाज चालेना. "आठ दिवस," ते म्हणाले आणि भावेशच्या मागे बसून निघून गेले.

ते आठ दिवस शुक्रानं दुसऱ्या गाडीला हात लावला नाही. दोन पाटे काढले, उरलेले सात घासून ग्रीस लावून पुन्हा बांधले. झिजलेले रबरी बुश बदलले, मागचे शॉकअप नवे घातले. आडवा दांडा भावेश वापीहून घेऊन आला. खडखड दांड्याची नव्हतीच मुळी, त्याच्या टोकाचं मूठभर रबर संपलं होतं. तेवढ्यासाठी अख्खा दांडा भंगारात गेला होता. शुक्रा आपल्याशीच पुटपुटला आणि नवं रबर बसवलं.

निर्मला रोज यायची. नट धुवायची, पाना द्यायची. एका दुपारी त्यानं तिला सहज विचारलं, "वळणात तुला पहिलं काय जाणवतं ग?"

"पहिलं तोंड येत नाय. स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाऊ बघते. मग एकदम मागून फेकते." तिनं हाताचा पंजा जमिनीवरून फिरवून दाखवला. "मला ते बुडाखाली कळतं, मामा. हाताला मागाहून."

शुक्रा तिच्याकडे बघत राहिला. तीस वर्षांत त्यानं हा प्रश्न एकाही ड्रायव्हरला विचारला नव्हता. मालक यायचा, किती माल भरायचा ते सांगायचा आणि शुक्रा पाटे टाकायचा. त्याला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. भरल्या गाडीतून तो कधी वळणावरून गेलाही नव्हता. सायकलवरून घरी जायचा आणि सायकलवरून यायचा. हे कुणाला सांगितलं असतं तर लोक पोट धरून हसले असते.

रिकामी गाडी त्यांनी तीनदा चिंचेवरून नेली, शुक्रा मागे हौद्यात बसून. पहिल्या फेरीला मागून थोडी उडाली. शुक्रानं टायर दाबून पाहिले, दगडासारखे. मागची थोडी हवा काढली. दुसरी फेरी बरी झाली. तिसरीला निर्मला काहीच बोलली नाही, फक्त हसली.

नवव्या दिवशी सकाळी बोर्डीच्या वाडीत सत्तर क्रेट भरले. जड माल खाली आणि पुढे, हलका वर, हे शुक्रानं स्वतः उभं राहून करून घेतलं. तात्या पांढरी टोपी घालून केबिनमध्ये चढले आणि खिडकीवरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. शुक्रा मागे चढला, क्रेटना पाठ टेकून बसला.

"तू कशाला मागे?" तात्यांनी विचारलं. "उलटली तर पहिला तूच जाशील."

"म्हणूनच," शुक्रा म्हणाला.

वरच्या क्रेटमधला एक पिकला चिकू उचलून त्यानं शेजारच्या फळीवर ठेवला. गोल गरगरीत, फळी जरा कलली तर घरंगळणारा.

गाडी निघाली. मागून मोटरसायकलवर भावेश. आंब्याच्या वाड्या संपल्या, चढ लागला, माळ आला. मग उतार, आणि उताराच्या तळाशी ती चिंच.  देवाचं नाव घ्यावं की नटबोल्टचं, हे शुक्राला सुचेना. निर्मलानं वळणाआधीच वेग उतरवला, मग वळणात शिरताना ॲक्सिलरेटरवर हलकेच पाय दाबला. गाडीनं तोंड वळवलं. बाहेरच्या बाजूची कमान त्याच्या मांडीखाली वाकली. सावकाश, पुरी, पाहिजे तेवढीच. लाथ येणार म्हणून त्यानं दात आवळून धरले होते. लाथ आलीच नाही. चिंच डावीकडून सरकत मागे गेली, मोरी गेली, ओहोळात अडकलेला एक फुटका निळा क्रेट दिसला आणि तोही गेला.

चिकू फळीवर जागच्या जागी होता.

शुक्राला रडू आलं. छप्पन्न वर्षांच्या माणसानं चिकूकडे बघून रडायचं म्हणजे काय, पण आलं. त्यानं चिकू फोडला आणि सालासकट खाल्ला.

तलासरीला, माल पुढे नेणाऱ्या मोठ्या ट्रकपाशी गाडी थांबली तेव्हा तात्यांनी डोळे उघडले. हँडल त्यांनी अजून सोडलं नव्हतं.

"चिंच कधी येणार?"

"मागे राहिली, तात्या," निर्मला म्हणाली. "तुमी डोळे मिटलेले."

"मी नाही मिटले. जरा डुलकी लागली."

भावेश येऊन पोचला. "काका, गाडी जमिनीला चिकटल्यासारखी गेली. माझी बाईक तिच्यापेक्षा जास्त कलली."

तात्या खाली उतरले. गाडीभोवती एक फेरी मारली, मागची कमान कंबर धरत वाकून पाहिली. मग भावेशपुढे हात केला. भावेशनं खिशातून दुसरी चावी काढून दिली. तात्यांनी ती निर्मलाच्या हातावर ठेवली.

"ही पण तूच ठेव. आणि गाडी काही बोलली की मला सांग. मी नाही ऐकलं तर ह्याला सांग."

निर्मलानं दोन्ही चाव्या कंबरेला खोचल्या. जाताना तात्या शुक्राला म्हणाले, "तू पुढे बस. मी भावेशबरोबर येतो." आणि शुक्रा पहिल्यांदा मऊ गादीवर, पुढच्या काचेतून रस्ता बघत, स्वतः बांधलेल्या गाडीतून दुकानी आला.

लोहार दोनदा येऊन गेला. काढलेल्या दोन पाट्यांचं पोलाद उत्तम, चार कोयते सहज निघतील म्हणाला. शुक्रानं दिले नाहीत. दाराशी बोर्डाखाली ते दोन पाटे उभे करून ठेवले, तीन चिरा रस्त्याकडे करून.

पुढच्या आठवड्यात वीटभट्टीचा एक मालक गाडी घेऊन आला. "शुक्रामामा, दोन पाटे जादा टाक. संध्याकाळी पायजे."

शुक्रानं त्याला बसायला बाकडं दिलं, चहा सांगितला. हातोडी उचलली नाही. रस्त्यावरून पिकअप गेली, मागून सपाट, क्रेट चार थर. निर्मलानं दोनदा हॉर्न दिला. शुक्रानं हात वर केला आणि मालकाकडे वळला.

"तुझी गाडी चालवतो कोण? पयलं त्याला बोलव. मला त्याच्याशी बोलायचंय."